सासूबाई नावाच्या ग्रहाचा सातवा चंद्र

४ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? ओळखलं असशील तर आता नाक न मुरडता शेवटपर्यंत वाच. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. ज्याच्याकडे असायचा त्याच्याकडेच होता. मी मागितला, तर माझ्या चिरंजीवांनी ‘कशाला हवाय’ असंसुद्धा विचारलं नाही. कागदावर लिहिला, माझ्यापुढे ठेवला आणि चप्पल घालून बाहेर निघून गेला.

मायना लिहायलाच माझी सकाळ गेली. सूनबाई म्हणायची सोय कोर्टाने काढून घेतली. मुलगी म्हणावं तर तुझे वडील चांगले खमके आहेत, ते हक्क सांगत येतील. नावाने तुला मी कधी हाक मारली नाही. आता मारली तर तुला वाटायचं, म्हातारा रागावलाय. मग एकदम सुचलं. माझ्या हातात तो चित्रं काढायचा टॅब देऊन ‘बाबा, पेन एवढं दाबू नका, तो दात नाहीये!’ म्हणून ओरडणारी मास्तरीण तू कालही होतीस आणि आजही आहेस. ते पद कुठल्या कोर्टाने काढून घेतल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

फोन का नाही केला म्हणशील. अगं, फोन वाजला की समोरच्याची पंचाईत होते. उचलला तरी पंचाईत, नाही उचलला तरी पंचाईत. पत्र बिचारं गरीब असतं. ठेवशील तिथे पडून राहतं.

तर सांगायचं असं की विशेष काही नाही. म्हणजे, आहे. तू गेल्यापासून मी रोज सकाळी चहाच्या आधी टॅब उघडतो. आपलं चित्र तुझ्या खात्यात आहे, मी त्यातला नुसता पाहुणा, हे तूच मला समजावलं होतंस. मालकाने मनात आणलं तर एका बोटाने पाहुण्याला बाहेर काढता येतं, हेही तूच सांगितलंस. त्यामुळे आधी जरा घाबरतघाबरतच बोट लावतो. मग चित्र उघडतं. ग्रह दिसतो, चंद्र दिसतात. म्हणजे आज तरी तू मला बाहेर काढलेलं नाहीस. मग मी चहा पितो.

आता तू मला मुद्दाम राहू दिलंयस की विसरून गेलीस, ते कळायला मार्ग नाही. हे विचारायला पत्र लिहितोय असं काही नाही. बरं, जाऊ दे, खोटं कशाला बोलू? हेच विचारायला लिहितोय. मी राहू का गं?

सातवा चंद्र अजून अर्धाच आहे. ठरलं होतं तसं ग्रह तुझा आणि चंद्र माझे. सहा तुझ्यासमोर झाले. सातव्यावर सगळा बर्फ हवा असं तू म्हणाली होतीस आणि तिथेच घोडं अडलंय. जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. दातांच्या पांढऱ्यात किती पांढरे असतात ते मला झोपेतून उठवून विचार. पण बर्फ काढायला घेतला की चंद्र कुणाच्या तरी दाढेसारखा दिसायला लागतो. तू असतीस तर त्या लेयरला लगेच नाव ठेवलं असतंस, ‘बाबांची अक्कलदाढ’.

त्या लेयरवरून काय भांडायचो आपण! चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा, प्रत्येक काचेला एक नाव द्यायचं, हे तू शिकवलंस. शहाणी माणसं ‘आकाश’, ‘ढग’ अशी नावं देतात. तू ऑफिसातून दुपारी चित्र उघडायचीस आणि माझ्या चंद्रावर नवीन लेयर चढलेला असायचा, ‘हे खड्डे आहेत की पुटकुळ्या?’ मी इकडून चढवायचो, ‘तुझ्या ढगांपेक्षा बरे.’ संध्याकाळी तू घरी आलीस की दोघंही काही झालंच नाही असे जेवायला बसायचो. हिला वाटायचं, सासरा आणि सून एकमेकांकडे बघून हसतात का?

आणि तो पहिला चंद्र! मी चंद्रकोर काढली, आणि कोरीच्या कुशीत एक ठसठशीत तारा. इतका खूश होतो मी. तू कपाळावर हात मारून घेतलास. ‘बाबा, चंद्राच्या पोटात तारा? अहो, कोर दिसली तरी चंद्र अख्खाच असतो. उरलेला अंधारात असतो, नाहीसा झालेला नसतो. त्याच्या मागचा तारा पुढे कसा येईल?’ साठी उलटली तरी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती चूक मी पुन्हा केली नाही.

थंडी असेल तिकडे. कान झाकून जात जा.

पेन आता हलकं धरणारा,
तुझा विद्यार्थी

—

२ मार्च

प्रिय मास्तरीणबाई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. पत्र गरीब असतं असं मीच म्हटलं होतं, आता तक्रार कुठल्या तोंडाने करू?

आज वेगळीच गंमत सांगायची आहे. आपलं बिंग फुटलं.

ग्रहाचं नाव आपण काय ठेवलंय ते इतके दिवस हिच्यापासून लपवलं होतं ना? काल मी टॅब टेबलावर तसाच उघडा ठेवून दाढी करायला गेलो. परत येतो तर ही चष्मा लावून वाकून बघतेय. सगळ्यात वर ठळक अक्षरांत ‘सासूबाई’. मधोमध तो तांबूस ग्रह आणि त्याच्यावर ते भलंमोठं वादळ. माझ्या गालावर फेस, हिच्या हातात टॅब.

‘हे मी?’

मी म्हटलं, ‘छे छे, जगात काय एकच सासू आहे का?’

पोळलेल्या बोटावर फुंकर मारावी तसा चेहरा करून ती आत गेली. दुपारपर्यंत आतून भांडी आपटल्याचे आवाज येत होते. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. चहा आणून ठेवला तेव्हा म्हणाली, ‘ते माझंच पातेलं आहे ना?’

मग सांगून टाकलं सगळं. दूध करपून पातेल्याच्या बुडाला तो तपकिरी, काळा, पिवळा नकाशा उठला होता. ही घासायला निघाली आणि तू ओरडलीस, ‘आई, थांबा! घासू नका!’ हिला वाटलं, पोरीला वेड लागलं. तू ते पातेलं खिडकीत नेलंस, फोटो काढलेस, टॅबवर घेऊन गोल वळवलंस आणि बघता बघता आमच्या घरच्या करपलेल्या दुधाचा ग्रह झाला. मी कवळ्यांवर इतकी वर्षं घासूनपुसून चकाकी आणली, पण करपलेल्यात काही बघण्यासारखं असतं हे तुझ्याकडून शिकलो.

हिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘तिच्यासमोर मी त्या दुधावरून किती बडबडले होते. आणि ती त्याचं हे करत होती होय?’ तुझा तो टवका उडालेला कप अजून तुझ्याच खुंटीला आहे, हे सांगतो. मी काढायला गेलो होतो, तर माझ्यावरच खेकसली.

आता ऐक. आज सकाळी ही माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि सातव्या चंद्राकडे बोट दाखवून म्हणाली, ‘इथे चुकलंय तुमचं.’ मी बघितलं. खरंच चुकलंय! आणि चूकही अशी की तुझ्या हातचा धपाटा मिळावा. मी म्हटलं, तुला गं कसं कळलं? तर म्हणे, ‘तुम्ही दोघं बाहेर आरडाओरडा करायचात, मी आत काय कानात बोळे घालून बसायचे?’

दुरुस्त करायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. म्हटलं, राहू दे. मास्तरीण कधी डोकावलीच तर तिला ओरडायला काहीतरी हवं. चूक कुठे आहे ते मी सांगणार नाही. सापडते का बघ.

शिकवणीला आता दोन टाळकी झालीत असं समज.

तुझा विद्यार्थी (काठावर पास)

—

१९ मार्च

मास्तरीणबाई,

आज ‘प्रिय’ लिहीत नाही. रागावलोय.

सकाळी टॅब उघडला तर चित्राच्या आधी एक पाटी आली. ‘या चित्राच्या मालकाने हे चित्र कित्येक महिन्यांत उघडलेले नाही. महिनाअखेरपर्यंत मालकाने उघडले नाही, तर ते कायमचे पुसले जाईल.’

म्हणजे तू एकदाही आली नाहीस. तू घरातून गेलीस त्यानंतर एकदाही नाही!

आणि मी मूर्खासारखा इथे बसून लेयरला नावं देतोय. ‘मास्तरीण, हा खड्डा बघ, पुटकुळी नाही.’ ‘आज हात बरा चालला.’ ‘तिकडे पाऊस आहे का?’ कुणाला सांगत होतो मी हे? भिंतीला? मला वाटायचं, तू येऊन गुपचूप बघून जात असशील, गालात हसत असशील. तू मला राहू दिलंयस म्हणून रोज चहा गोड लागायचा. तू राहू दिलं नव्हतंस. तू दारही बघितलं नव्हतंस.

नवरा-बायकोचं का फिसकटलं ते मी तुला विचारलं नाही, त्यालाही विचारलं नाही. तुमचं तुम्हाला माहीत. त्यात मी कुणाच्याही बाजूचा नव्हतो. पण माझं तुझ्याशी काही फिसकटलं होतं का? मग मला का सोडून गेलीस?

बास. हे पत्र टाकू नये असं ही म्हणतेय. मी टाकणार.

—

२१ मार्च

प्रिय, प्रिय, प्रिय मास्तरीणबाई,

परवाचं पत्र आधी पोचलं असेल तर ते फाडून टाक. नंतर पोचलं तर न उघडता फाडून टाक. मी टपालपेटीपाशी जाऊन त्या पोरगेल्या पोस्टमनला विचारलंसुद्धा, बाबा रे, टाकलेलं पत्र परत मिळतं का? तो हसायला लागला. म्हणाला, ‘आजोबा, बायकोला लिहिलं होतंत का?’ मी म्हटलं, ‘नाही रे, मास्तरीणबाईंना.’ त्याला काय समजलं देव जाणे.

ही म्हणाली, ‘तुम्हाला साधी अक्कल नाही. ते चित्र उघडलं की तिला काय दिसणार? तुमचे चंद्र, माझं पातेलं, हे घर. नवीन ठिकाणी, नवीन नोकरीत जीव लावायला बघतेय ती, कशाला उघडेल?’ एवढा विचार मी केला नव्हता. मला आपलं वाटत होतं, चंद्र म्हणजे नुसते चंद्र.

काल चिरंजीव घरी आला होता. त्याला ती पाटी दाखवली. तो म्हणाला, ‘बाबा, मी या चित्राची प्रत काढून देतो, तुमच्या नावावर. पुसलं जाणार नाही.’ दोन मिनिटांचं काम आहे म्हणे. मी नको म्हटलं. त्याला कारण सांगता येईना. तुला सांगतो. प्रतीत सगळं असेल, ग्रह, चंद्र, वादळ, पण ती माझी एकट्याची असेल. मला एकट्याला ग्रह काय करायचाय? मी काय अंतराळवीर आहे?

त्याने टॅब हातात घेतला आणि ग्रह मोठा करून बघितला. मग म्हणाला, ‘पातेल्यावर टॉर्च मी धरला होता. ती म्हणायची, डावीकडून धर, डावीकडून.’ मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे आपल्या ग्रहावर जो डावीकडून उजेड पडलाय तो त्याचा आहे. एवढं बोलून तो निघाला. बरा आहे तो. जेवतो वेळेवर. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवतो.

पत्ता देताना तो काही बोलला नव्हता, पण काल दारात चप्पल घालता घालता म्हणाला, ‘बाबा, लिहा तिला. पण तिच्यावर ओझं टाकू नका.’ म्हणून आता नीट विचार करून लिहितो.

उत्तर देऊ नकोस. आमच्याकडे येऊ नकोस. फोन नको. महिनाअखेरच्या आत फक्त एकदा ते चित्र उघड आणि बंद कर. बघितलं नाहीस तरी चालेल, डोळे मिटून उघड. तेवढ्याने ते वाचेल. आणि हे करताना तुझ्या जिवाला त्रास होणार असेल, तर तेही करू नकोस. पुसलं जाऊ दे. पातेली काय, आमच्याकडे आहेत अजून.

पण मला तू आवडतेस गं. हे कधी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना असलं बोलायची सवय नसते. मुलाची बायको म्हणून आवडायचीस असं मला वाटायचं. ती आता तू नाहीस, आणि आवडणं काही कमी झालेलं नाही. आता या आवडण्याला कुठल्या खणात ठेवायचं ते तूच सांग. मला सापडत नाहीये.

तुझा
(काय लिहू?)

ता. क. यापुढच्या ओळी माझ्या आहेत. यांना बाहेर पाठवलंय. तू घरात होतीस तेव्हा मी तुला सारखी टोकायचे, हे मला ठाऊक आहे. ते वादळ मला फार आवडलं. एवढंच. तब्येतीची काळजी घे. कामाच्या नादात जेवण टाळतेस तू, ते बंद कर.

—

२९ मार्च

प्रिय मास्तरीणबाई,

घाईघाईने लिहितोय, अक्षर लावून वाच.

आज सकाळी टॅब हातात घेतला तो उघडायचा धीर होईना. ही म्हणाली, ‘उघडा हो एकदाचं, चहा निवतोय.’ उघडला. पाटी नव्हती. चित्र होतं. मी म्हटलं, चला, तिने उघडलं. डोळे मिटून का होईना, उघडलं. वाचलं आपलं घर. आणि टॅब मिटणार होतो.

तर ही म्हणाली, ‘अहो, तारा कुठे गेला?’

आता सांगतो ती चूक कुठली होती. चंद्राचा लेयर सरकवताना माझ्या बोटाने ताऱ्यांचा लेयर वर चढला आणि सातव्या चंद्राच्या काळ्या बाजूत, बरोबर मध्यात, एक तारा जाऊन बसला. पुन्हा केली नाही म्हणून तुला ऐटीत लिहिलं होतं, तीच चूक! आज तिथे तारा नव्हता. मी डोळे चोळले, चष्मा पुसला, हिला विचारलं, तू हात लावलास का? तर म्हणे, ‘मला टॅब सुरू करता येत नाही, तारा पुसता कसा येईल?’

मग नीट बघितलं. काळी बाजू मी नेहमीसारखी ठार काळी ठेवली होती. ती काळी राहिली नाही. अगदी पुसट, तांबूस उजेड आलाय तिच्यावर. आठवलं मला. तू सांगायचीस, ग्रहावर पडलेला उजेड परत फिरतो आणि चंद्राच्या अंधारातल्या बाजूवर जाऊन पडतो, म्हणून ती कधीच पूर्ण काळी नसते. मला ते कधी जमलं नाही. आता तिथे करपलेल्या दुधाचा रंग आहे. हिला दाखवलं. म्हटलं, बघ, तुझा उजेड पडलाय चंद्रावर. ती पदराने टॅबची काच पुसायला लागली. काच स्वच्छ होती.

आणि मग मला लेयरचं नाव दिसलं.

‘बाबा!!! चंद्राच्या पोटात तारा???’

मी ते मोठ्याने वाचलं. हिने पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं. खरं सांगतो मास्तरीणबाई, तीन उद्गारचिन्हं आणि तीन प्रश्नचिन्हं मला इतकी गोड कधी लागली नव्हती. तू मला ओरडलीस! आणि ओरडताना काय म्हणालीस ते बघितलंस का? तू विचार न करता लिहिलं असशील. विचार न करता लिहिलंस, म्हणूनच मी दिवसभर ते पुन्हा पुन्हा बघतोय.

माझी सगळी जुनी बडबडही तू वाचलीस, हे दिसलं. ‘तिकडे पाऊस आहे का?’ याच्यावर नवीन लेयर आहे, ‘नाही, पण वारा फार. कान झाकते.’ म्हणजे पत्रं पोचली. ते फाडायचं पत्रही पोचलं असेल. जाऊ दे.

मी टॅब घेऊन चिरंजीवाकडे गेलो होतो. त्याने बघितलं. ‘उजेड बरोबर डावीकडून घेतलाय तिने,’ म्हणाला, आणि हसला. बऱ्याच दिवसांनी हसला तो. मग मला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

सगळ्यात खालचा लेयर मात्र माझ्या नजरेतून सुटला होता. संध्याकाळी हिनेच शोधला. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं तिथे, तू एक रिकामा गोल काढून ठेवलायस. आणि नाव दिलंयस, ‘आठवा. पांढरा नको. आईंना सांगा, एक पातेलं जाळा.’

ते वाचून ही उठली, आत गेली, दूध तापत ठेवलं आणि परत माझ्याशेजारी येऊन बसली. हे पत्र लिहिताना ती माझ्याशेजारीच आहे, हाताची घडी घालून, स्वयंपाकघराकडे पाठ करून. वास यायला लागलाय. मी उठायला गेलो तर माझा हात धरला. म्हणते, ‘बसा. अजून थोडं करपू दे.’

तुझा,
बाबा